तीन कार्बोरेटर आणि एक वही

माझी बुलेट जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची. बोअर ७०, स्ट्रोक ९०, सीसी ३४६. तिला मोकळा सायलेन्सर आणि शंकूसारखा एअर फिल्टर लावला आणि ती अर्ध्या थ्रॉटलला अडखळायला लागली, पंगतीत श्लोक म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखी. जाणकार म्हणाले, ‘‘श्वास मोकळा केलास, आता खाणंही वाढव.’’ म्हणून हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरांची तुलना करायचं ठरवलं आणि दोनशे पानी वही घेतली. ती घरखर्चासाठी आणलेली होती असं बायको म्हणते.

पहिला मूळचाच, २४ मिलिमीटरचा, पेट्रोल सोडणारा जेट मोठा करून. दुसरा नाना पेठेतून आणलेला २८चा, आत वरखाली होणाऱ्या गोल स्लाइडचा. तिसरा सीव्ही, म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी. यात मूठ आपण पिळायची, पण स्लाइड उचलायची की नाही ते इंजिनाच्या ओढीवर ठरतं. अर्ज आपला, हालचाल खात्याची.

खरी मेख आयडलजवळच्या छोट्या स्क्रूत. माझ्या गोल स्लाइडवाल्यांत तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. सीव्हीत तोच पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. हे मला सीव्हीचा स्क्रू अडीच आटे बाहेर काढून झाल्यावर कळलं. तोवर खालच्या काकू घरातला सिलिंडर बंद करून अंगणात येऊन उभ्या होत्या.

मग प्लगचा रंग. काळा म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, बिस्किटी म्हणजे बरोबर. मी प्लग खरोखरच बिस्किटाशेजारी धरून पाहायचो. त्या पुड्यातली बिस्किटं मुलीने नंतर खाल्ली नाहीत.

रंग खरा दिसायला हवा तर चालत्या गाडीचं इंजिन एकदम बंद करून, क्लच दाबून, कडेला थांबून प्लग काढायचा. सातारा रस्त्यावर हे करत होतो तर एक गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, ‘‘बसली का?’’

‘‘नाही, मीच बंद केली.’’

‘‘आमच्याकडेही होती. आम्हीही असंच सांगायचो.’’

महिन्याभरात वहीत नोंदी झाल्या. २४ : ‘चढाला दम कमी. अडखळते.’ २८ : ‘पिकअप जोरदार, पेट्रोल पाण्यासारखं. अडखळते.’ सीव्ही : ‘नरम, घरंदाज. अडखळते.’

गॅरेजवाल्या मामांनी वही वाचली, चष्मा कपाळावर नेला.

‘‘शेवटचा शब्द तिन्हीकडे एकच आहे की हो.’’

त्यांनी ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचं झाकण उघडलं. पॉइंट खाऊन खड्डे पडले होते. वास्तविक रोज किक मारण्याआधी डीकॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची कळ, दाबून मी अँपिअरचा काटा मधोमध आणत होतो. काटा तिथे येतो तो पॉइंट उघडतात म्हणूनच. महिनाभर मी रोज दुखण्याच्या दारात उभा राहून शेजाऱ्याची बेल वाजवत होतो.

मामांनी पॉइंट बदलले, गॅप घेतला. गाडी लोण्यासारखी पळाली.

‘‘मग मामा, तिघांतला चांगला कुठला?’’

‘‘आता कसं सांगणार? तुमची परीक्षाच रद्द झाली.’’

घरी येऊन वही उघडली. एकशे चौऱ्याण्णव पानं कोरी होती. नवीन पानावर लिहिलं, ‘२४, निडलची क्लिप मधल्या खाचेत’, तेवढ्यात आतून आवाज आला, ‘‘किराणा त्याच्याखाली लिही.’’