युरोपात बायोगॅस ‘फक्त गोठ्यापुरता’? मुळीच नाही

‘युरोपात बायोगॅस म्हणजे गोठ्यामागचा जोडधंदा. शहरी सेवा त्यावर चालतच नाहीत. जर्मनीने तर त्यापायी मका नासवला. वर मिथेन गळतो तो गळतोच.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. पुढे पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसंही आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

गोठ्यापुरता? 1895 साली इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात मैल्याच्या टाकीतल्या गॅसवर रस्त्यावरचे दिवे लागले. दोनच वर्षांनी आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमातही असा गॅस वापरला गेला. रस्त्यावरचा दिवा आणि आश्रम, दोन्ही सार्वजनिकच.

बसचं म्हणाल, तर स्वीडनचं लिन्शॉपिंग बघा. डिझेलच्या धुराला कंटाळून तिथे कत्तलखान्यातले टाकाऊ अवशेष आणि शेण कुजवून गॅस करायला घेतला आणि 2002 पर्यंत शहराच्या सगळ्या बस त्यावर आल्या. ऑस्लोची पद्धत मला फार आवडते. घरोघरी उरलंसुरलं अन्न हिरव्या पिशवीत गाठ मारून ठेवतात, प्लास्टिक वेगळ्या रंगाच्या पिशवीत, आणि सगळ्या पिशव्या एकाच डब्यात टाकतात. पुढे केंद्रावर यंत्र रंग ओळखून हिरव्या पिशव्या बाजूला काढतं. कालचा उरलेला भात असा बसच्या टाकीपर्यंत पोचतो. (तिथले बरेच मार्ग आता विजेवर गेलेत, हेही खरं.) इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला 2014 साली मैला आणि टाकाऊ अन्नाच्या गॅसवरची 40 आसनी बस निघाली. पाच माणसांच्या वर्षभराच्या घाणीतून एक टाकी भरते आणि बस 300 किलोमीटर जाते, असं चालवणाऱ्यांचं गणित होतं.

‘मग बसमध्ये वास येत असेल’ हे पालुपद ठरलेलं. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. गाडीत भरण्याआधी तो आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात. बऱ्याच ठिकाणी चक्क दाबाखालच्या पाण्याने गॅस धुतात. उरतो जवळजवळ निव्वळ मिथेन, आपल्या रिक्षातल्या सीएनजीसारखाच.

मक्याचा आक्षेप मात्र खरा आहे. जर्मनीत 2000 च्या कायद्याने अशा गॅसवर बनवलेल्या विजेला हमीभाव मिळाला आणि शेतंच्या शेतं गॅससाठीच्या मक्याखाली गेली. 2012 मध्ये नव्या प्रकल्पांत मक्याचा वाटा 60 टक्क्यांवर रोखावा लागला. पण त्यावरून अख्ख्या युरोपाला एका मापाने मोजू नका. डेन्मार्कचा भर जनावरांच्या मलमूत्रावर आहे, आणि 2023 मध्ये तिथल्या गॅसच्या जाळ्यात सुमारे 40 टक्के गॅस असा बनवलेला होता.

गळतीही खरी. मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट जहाल, त्यामुळे टाकीचं झाकण ढिलं राहिलं तर केलेल्या कामावर पाणीच. पण उघड्यावर साचलेल्या शेणातूनही मिथेन सुटतोच, त्याचा हिशेब हा मजकूर धरत नाही. आणि गळती हुडकता येते, बुजवता येते. डेन्मार्कने 2023 पासून प्रकल्पांना ती तपासणं सक्तीचं केलं आहे.