63 लाख किलोमीटर खरे, पण पक्के किती?

"देशात 63 लाख किलोमीटर पक्के रस्ते, जगात दुसरा नंबर, वर रोज 37 किलोमीटर नवा महामार्ग" हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. लांबी आणि नंबर बरोबर आहेत. खोट आहे ती 'पक्के' आणि 'नवा' या दोन शब्दांत.

मार्च 2019 अखेरच्या 63.32 लाख किलोमीटरांपैकी सुमारे 45 लाख, म्हणजे 71 टक्के, ग्रामीण रस्ते आहेत. राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दोन टक्के. बेरजेत मात्र चौपदरी महामार्गाचा एक किलोमीटर आणि पाणंदवजा रस्त्याचा एक किलोमीटर सारखाच धरला जातो.

आता 'पक्के'. सरकारी तक्त्यातल्या 'सरफेस्ड' रस्त्यांत डांबरी आणि काँक्रीटच्या जोडीने नुसतं खडीकरण झालेलेही येतात. इतकं सैल माप लावूनही एकतृतीयांशाच्या आसपास रस्ते बाहेरच राहतात.

खडीकरण हा मुळात डांबराखालचा थर. खडी पसरून कडेकडून मध्याकडे 8 ते 10 टनी रोलर फिरवायचा, फटींत बारीक खडी भरायची, पाणी मारून मुरूम आत बसवायचा. दबून 75 मिलिमीटर थर उरतो. तो उघडा राहिला की उन्हाळ्यात टायर बारीक माल ओढून काढतात, खडी सुटते आणि पावसात पाणी थेट आत मुरतं. त्यासाठीच 3 ते 4 टक्के उतार लागतो. 3.75 मीटर रुंद रस्त्यात मधला भाग कडेपेक्षा साडेपाच ते साडेसात सेंटिमीटर उंच हवा. साइडपट्टीवर माती साचून ती रस्त्यापेक्षा वर आली, की उतार असूनही पाणी रस्त्यावरच थांबतं. मग वर 20 मिलिमीटर कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, टाकून काय होणार? कारपेट भार पेलत नाही, फक्त झाकतं.

रोज 37 किलोमीटर हा 2020-21 चा वेग: वर्षभरात 13,327 किलोमीटर. त्यात दुपदरीचं चौपदरी करणं आणि मजबुतीकरणही मोजलेलं आहे. काम खरंच झालं, पण सगळा रस्ता नवा नव्हे. राष्ट्रीय महामार्गांची लांबी 2014 मधल्या सुमारे 91 हजारांवरून 1.46 लाख किलोमीटरवर गेली, त्यातही मोठा वाटा राज्य महामार्गांना राष्ट्रीय दर्जा दिल्याचा. रस्ता तोच, पाटी बदलली.

पहिल्या नंबरच्या अमेरिकेतही सुमारे 66 लाख किलोमीटरांपैकी एकतृतीयांशाच्या आसपास रस्ते कच्चे आहेत, त्यामुळे कच्च्या रस्त्यांची लाज बाळगायचं कारण नाही. दोन देशांची तुलनाच करायची असेल तर लेन-किलोमीटर धरा: दहा किलोमीटर चौपदरी म्हणजे 40, दहा किलोमीटर एकपदरी म्हणजे 10. शेजारी पृष्ठभागाचा रकाना ठेवा, आणि त्यात खडीकरण वेगळं लिहा.