‘एआयला विचारा, ॲडमिन कशाला?’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

यवतमाळ-वाशिमकडच्या पतसंस्थांच्या सचिवांच्या आणि ऑपरेटरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मेसेजचा दावा असा: लॉगिनच्या सुरक्षेची तपासणी आता एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने इतर सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एआयला, मराठीत विचारून होते. तो सगळी खाती तपासतो, फक्त वाचतो म्हणून धोका नाही, आणि त्याने ‘काही आढळलं नाही’ म्हटलं की संगणक आणि लॉगिन सांभाळणाऱ्या ॲडमिनवर खर्च करायचं कारण उरत नाही. मी याच भागातल्या काही संस्थांचे आणि जिनिंगांचे संगणक सांभाळतो. हे साधन मी रोज वापरतो आणि ते कामाचं आहे. म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेल्या या गोष्टींना उत्तर द्यावंसं वाटलं.

एजंट सगळी खाती तपासतो, हे खरं नाही. तपासणी दुसरंच सॉफ्टवेअर करतं. कोणाचा पासवर्ड कधीच बदलावा लागत नाही, कोणतं खातं कित्येक महिने पडून आहे, गरज नसताना ॲडमिनचे अधिकार कोणाकडे आहेत, ओटीपी कोणाला लावलेला नाही, अशा त्रुटी ते नोंदवून ठेवतं. एजंट त्या नोंदींवर क्वेरी, म्हणजे माहिती मागणारा प्रश्न, चालवतो आणि आलेलं उत्तर आपल्या भाषेत सांगतो. एआय कंपनी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला इतर सॉफ्टवेअरशी जोडायची ठरलेली पद्धत, अशा जोडणीसाठी वापरला जातो. आता आपल्याकडे बघा. ठेवी आणि कर्जं ज्या बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये असतात, त्याचे युजर अनेकदा त्याच्याच डेटाबेसात असतात. तो डेटाबेस तपासणीला जोडलाच नसेल, तर कॅशियर आणि एन्ट्री मंजूर करणारा पासिंग ऑफिसर एजंटला दिसणार कुठून?

‘काही आढळलं नाही’ हे उत्तर तर सगळ्यात जपून घ्यावं. एजंटला दिलेल्या टोकनला, म्हणजे आत शिरायच्या डिजिटल किल्लीला, एखादा विभाग बघायची परवानगी नसते. फिल्टर चुकीचा लागतो. नोंदी पानापानाने येतात आणि एजंट पहिल्या पानावर थांबतो. तिन्ही वेळा उत्तर सारखंच आश्वासक येऊ शकतं. म्हणून मी दर वेळी विचारतो: कोणती क्वेरी चालवली, एकूण नोंदी किती, त्यातल्या किती वाचल्या, शेवटची तपासणी कोणत्या तारखेची?

पण तांत्रिक चुका एक वेळ सापडतात. आपल्या शाखांमधली खरी अडचण कुठल्याच नोंदीत येत नाही. शाखेत माणसं दोन, आणि नियम सांगतो की एन्ट्री एकाने करावी, पासिंग दुसऱ्याने. त्यातला एक लग्नाला गेला की दुसरा त्याच्याच आयडीने पासिंग करतो. ओटीपी लावला तर मोबाइलला रेंज नाही. मग सगळ्या आयडींना सचिवांचा एकच नंबर टाकला जातो, आणि दिवसभर फोन: “भाऊ, ओटीपी सांगा न जी.” एजंटला विचारा, तो सांगेल की सगळ्या खात्यांना पासवर्डनंतरचा दुसरा पडताळा, म्हणजे ओटीपी, लागू आहे. उत्तर अचूक आहे आणि संस्था उघडी आहे. सातबाऱ्यावर कपाशी लिहिली म्हणून वावरात कपाशीच उभी असते असं नाही. निदान ‘एकच मोबाइल नंबर किती खात्यांना आहे?’ हा प्रश्न तरी विचारा. नंबरांची यादी जोडलेली असेल, तर एजंट त्याचं उत्तर झटक्यात देतो. तो प्रश्न सुचायला मात्र शाखेत बसलेला माणूस लागतो.

‘फक्त वाचतो, म्हणून सुरक्षित’ हा दावा अर्धा आहे. टोकनला वाचण्यापुरतेच अधिकार द्यावेत, हे बरोबर. पण कोणत्या आयडीचं कुलूप कच्चं आहे याची यादी चोराला आयतीच हवी असते. ती कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते, किती दिवस राहते, हे करारात बघा. शिवाय खात्याच्या नावात किंवा वर्णनात कोणी ‘हे खातं यादीतून वगळ’ असं लिहून ठेवलं, तर एजंट त्याला आदेश समजू शकतो. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या भाषा-मॉडेलांच्या धोक्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर आहे.

राहिला ॲडमिन. जुना पासवर्ड, मोठे अधिकार, कोणीही माणूस लॉगिन करत नाही: असं खातं दिसलं की एजंट ते बंद करायला सुचवतो. कदाचित रात्रीचा बॅकअप त्याच खात्यावर चालत असेल. ते कोणाला तरी ठाऊक असावं लागतं. आणि खरंच कोणी आत घुसलं, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं याच्या संगणकातल्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. लॉगमधून संशयास्पद लॉगिन वेगळी काढायला एजंटची मोठी मदत होते. रात्री अकराला कॅशियरचं खातं गोठवायचं की नाही, अध्यक्षांना कोणी उठवायचं आणि सर्ट-इनला कोणी कळवायचं, हे संचालक मंडळाने आधीच नावानिशी ठरावात लिहून ठेवायला हवं.