धूर नाही म्हणजे धोका नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘उगाच घाबरवू नका. आजीची साठ वर्षं चुलीपुढे गेली. आणि आम्ही धूर पूर्ण निघून गेल्यावरच निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत घेतो, शेजारी पाण्याचं भांडंही ठेवतो,’ असं तुम्ही चूल-शेगडीच्या धोक्यांवरच्या माझ्या लेखावर लिहिलंत. शिवाय मी ‘खिडकी थोडी उघडी ठेवा’ असं मोघम लिहिलं, हाही तुमचा आक्षेप. तो मान्य. थोडी म्हणजे किती, हे मलाच सांगता आलं नसतं.

पण धुराचं गणित तुम्ही उलटं मांडलंय. धूर त्रासदायक खराच, पण तो निदान चुगली करतो. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस उठून दार उघडतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. आणि तो भरपूर तयार होतो तो नेमका तुम्ही शेगडी आत आणता त्या वेळी.

एकदा अंधारात निखारे नीट बघा. वर निळसर, नाचऱ्या ज्योती दिसतील. तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना मोनॉक्साइड होतो आणि वर हवा मिळाली की जळतो. ती निळी ज्योत त्याचीच. निखाऱ्यांवर राखेची साय धरली की ज्योत विझते. वायू मात्र येतच राहतो, आता न जळता. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, जागा माणूस बाहेर तरी जाईल. झोपलेल्याला ते कळतच नाही.

पाण्याच्या भांड्याचं म्हणाल, तर हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. भांडं फार तर लवंडायच्या कामाचं.

आजींबद्दल वाद नाही. त्या जागेपणी चुलीपाशी बसत, आणि जुन्या छपराच्या फटींतून हवा खेळायची. तुमच्या खोलीच्या खिडक्या घट्ट बसतात, असं तुम्हीच लिहिलंय. (शिवाय साठ वर्षांत त्यांना खोकला कधी झाला नाही का, हेही एकदा विचारा.)

तेव्हा मोघमपणा सोडून लिहितो. धुराडं नसलेली शेगडी झोपायच्या खोलीत नको, खिडकी कितीही उघडी असली तरी. धुराड्याची चूल असेल तर हवा आत यायला कायमची वाट हवी आणि चूल पेटलेली असताना एक्झॉस्ट फॅन बंद हवा. नाहीतर तो पंखा धुराड्यातूनच हवा ओढतो आणि धूर उलटा घरात येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावा. धुराचा अलार्म वेगळा, तो इथे कामाचा नाही.

ओल्या सरपणाचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उडवलात. ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की आग थंड राहते आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा काळा, चकचकीत थर बसतो. तो पेट घेतो. म्हणून धुराडं वर्षातून एकदा तरी साफ करायचं, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटून टणटणीत आवाज आला तरच सरपण वाळलंय समजायचं.

राखेची भीती मला का वाटते, असंही विचारलंत. रात्री विझलेल्या चुलीची राख मी सकाळी प्लॅस्टिकच्या बादलीत भरली होती. हाताला गार लागली होती. दुपारी बादली उचलली तर बूड जमिनीलाच चिकटून राहिलं आणि आतला फुफाटा पायावर आला. तेव्हापासून राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, तीही घराबाहेर.