नऊ वर्षं वाहिलेलं वावर एका फोनवर गेलं

होळीच्या दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. "भाऊ, यंदापासून वावर तुमच्याकडे नाई ठेवत. दुसऱ्याले देल्लं." मी विचारलं, काकाजी, माझं काही चुकलं काय? तर म्हणे, "चुकलं काई नाई. पन तो एकरी पंधरा हजार देतो म्हनते, अन् सगळे पाडव्यालेच." झालं. नऊ वर्षांचा हिशेब एका मिनिटात मिटला. पाडव्याला जेमतेम दोन आठवडे होते.

ज्यांनी स्वतःच्याच सातबाऱ्यावर शेती केली त्यांना हे कळायचं नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात निम्मं गाव दुसऱ्याचं वावर वाहते. कोणी बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कोणी ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या रोख भाड्यानं. मालक नागपूरला, अमरावतीला, पुण्याला. ठोका पाडव्याला ठरतो, अर्धे पैसे तेव्हा आणि अर्धे कापूस निघाल्यावर. कागद नाही, पावती नाही. साक्षीला कोणी असलाच तर मालकाचा गावातला भाऊबंद.

मी हे पाच एकर 2017 च्या पाडव्याला घेतलं. ते वर्ष आठवते ना सगळ्यांना? गुलाबी बोंडअळीनं कापसाची पऱ्हाटी उभीच्या उभी खाल्ली. आमच्याच जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन माणसं मेली. त्या वर्षी माझ्या हाती काही लागलं नाही, तरी ठोक्याचे पैसे मी बायकोचे डोरले गहाण ठेवून पुरे केले. बोंडअळीची सरकारी मदत आली ती मालकाच्या खात्यात. मी मागितली नाही. वाटलं, माणूस ओळख ठेवेल, वावर आपल्याकडे राहील.

वावर काय होतं ते सांगतो. अर्धं बरड, नाल्याकडचा धुरा, म्हणजे बांध, फुटलेला, मधोमध पळसाचं रान. दोन उन्हाळे मी आणि माझा बाप गोटे वेचत होतो. धुरा बांधला. मग तलावातला गाळ काढणं सुरू झालं तेव्हा ट्रॅक्टर भाड्यानं लावून त्या बरडावर ऐंशी ट्रॉल्या गाळ टाकला. ज्यानं टाकला त्याला माहीत आहे, गाळाचा पैसा एका वर्षात निघत नाही, पाच-सात वर्षं जमीन तो परत करत राहते. शेणखत वेगळंच. रात्री रोही आणि डुकरं हाकलायला जागल केली ती वेगळीच. जिथं एकरी तीन क्विंटल कापूस निघत नव्हता तिथं मी आठ काढून दाखवला. आणि आता वावर चांगलं झालं म्हणून त्याचा भाव वाढला, आणि भाव वाढला म्हणून मला बाहेर काढलं! माझा गाळ तिथंच आहे. तो मी ट्रॉलीत भरून परत आणू काय?

जमीन मालकाची आहे, हे मी एकदाही नाकारलं नाही. त्याला पोराला द्यायची असेल, विकायची असेल, ज्यादा पैशानं द्यायची असेल, त्याची मर्जी. पण दिवाळीत सांगितलं असतं तर मी उन्हाळ्याच्या आधी दुसरं वावर पाहिलं असतं. शेणखताचे पैसे वाचवले असते. यंदाचं खत फेब्रुवारीतच पडलं होतं, आणि त्याला ते दिसत होतं. दिवाळीपासून दोनदा येऊन गेला माणूस.

मी तालुक्याला वकिलाकडे गेलो. त्यानं कायदा सांगितला. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कुळकायदा आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, जो घरचा नाही आणि मजुरीवरचा गडीही नाही, तो कूळ. कुळाच्या ताब्यातली जमीन मालकाला तहसीलदाराच्या आदेशाशिवाय परत घेता येत नाही, फोनवर तर नाहीच. ऐकताना छाती भरून आली. मग वकिलानं विचारलं, "पुरावा काय आहे?"

पुरावा! सातबाऱ्यावर पिकाची नोंद मालकाच्या नावानं. आणि ती नोंद केली कोणी? मी! 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आहे, वावरात उभं राहून फोटो काढावा लागते. मालक नागपूरला. मग तो म्हणे, "भाऊ, तेवढं करून देजो." मी माझ्या मोबाइलात त्याचं खातं उघडायचो, माझ्या पऱ्हाटीचा फोटो काढायचो आणि त्याच्या नावानं पाठवायचो. पाच वर्षं मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं की हे पीक माझं नाही.

वकील म्हणाला, पंचनामा मागा, शेजाऱ्यांचे जबाब घ्या, दावा टाका. घरी येऊन बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "दावा टाकशीन तं पाच गावात कोनी तुले वावर देईन काय?" कूळ लागते म्हटलं की मालक असा भितो की वावर पडीत ठेवेल पण देणार नाही. कायदा माझ्या बाजूनं आहे, पण तो वापरला की मी कायमचा मजूर. मला सगळ्यात जास्त चीड याचीच आहे.

गावातली म्हातारी माणसं सांगतात, हेच वावर मालकाच्या आजाला कुळकायद्यातच मिळालं होतं. 1 एप्रिल 1961 ला विदर्भातली कुळं मालक झाली, त्यात तोही झाला. चांगलंच झालं, कसणाऱ्याला जमीन मिळाली. पण त्याच घरचा माणूस आज मला चिठ्ठीभर कागद द्यायला तयार नाही.

आणि कागद नाही म्हणजे काय काय नाही ते ऐका. पीककर्ज नाही, ते सातबाऱ्यावर मिळते. म्हणून मी कृषी केंद्रातून उधारीवर बियाणं आणतो आणि बायको बचत गटातून पैसे उचलते. 2019 च्या कर्जमाफीत मालकाचं कर्ज माफ झालं, माझी उधारी जशीच्या तशी. केंद्राचे वर्षाचे 6,000 आणि राज्याचे 6,000, तेही त्याला. पीकविम्याला नोंदणी केलेला भाडेकरार मागतात. 2025 पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो जमिनीला जोडलेला. जमीन नाही तर मी शेतकरीच नाही. त्याच वर्षीच्या पावसात माझं सोयाबीन काळं पडलं. कोरडवाहूला हेक्टरी 8,500 चा दर, म्हणजे दोन हेक्टरचे 17,000. ते नागपूरला गेले. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 होता, पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर सातबारा लागते. मालक म्हणाला, माझ्या खात्यात पैसे नको, उगाच भानगड. मग व्यापारी म्हणेल त्या भावानं घातला. आणि ठोक्यानं कसणाऱ्यानं फास घेतला, तर एक लाखाच्या मदतीसाठी त्याच्या बायकोला विचारतात, जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणत्या बँकेचं होतं. मी अशी घरं पाहिली आहेत.

उपाय नाही असं कोणी सांगू नये. नीती आयोगानं नेमलेल्या टी. हक यांच्या समितीनं 2016 मध्येच भाडेपट्ट्याच्या कायद्याचा नमुना देऊन ठेवला. ठरलेल्या मुदतीचा लेखी करार, मुदत संपली की जमीन मालकाची मालकाला, मालकीला धक्का नाही, आणि मधल्या काळात कर्ज, विमा, नुकसानभरपाई कसणाऱ्याला. आंध्रानं 2019 मध्ये 11 महिन्यांच्या कराराचा कायदा केला, कसणाऱ्याला कार्ड दिलं. आमच्या सज्जात मी तलाठ्याला विचारलं, असा कागद करता येते काय? तो म्हणाला, "मालक सही देते काय ते पाय आधी."

परवा शेजारच्या गावात तीन एकर पाहून आलो. हलकं आहे, पण नाला जवळ आहे. मालकीणबाई चांगली वाटली, चहा केला, भाव बरोबर सांगितला. मी हात जोडून म्हटलं, काकू, तीन वर्षांचा कागद करू, दिवाळीआधी सांगितलं तर कधीही सोडतो, तसंही लिहून देतो. तिनं लेकाला फोन लावला. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. काकूनं फोन ठेवला आणि म्हणाली, "कागद म्हनशीन तं राहू दे बापू. त्याले दुसरा मानूस भेटते."