आधी शेवट सांगा

आमच्याकडं कुणी गेलं तर बातमी कशी येते बघा. आई शनिवारचा बाजार करून येते आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगते, "सांबऱ्याचा मामा गेला." मग तांब्याभर पाणी पिते. तोवर आम्ही हातातली कामं टाकून तिच्याभोवती. कधी? कसा? परवा तर धडधाकट होता की! मग ती मामाच्या तरुणपणात शिरते, शेताच्या वाटणीत शिरते, मधेच कोथिंबिरीचा भावही येतो. पण जागचं कुणी हलत नाही.

मी अधूनमधून कथा लिहितो. आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर-कडोलीकडच्या साहित्य संमेलनांत मांडवाच्या मागच्या रांगेत बसणारा माणूस मी. शेवट लपवायचा आणि अखेरच्या ओळीत धक्का द्यायचा, असंच इतकी वर्षं धरून चाललो होतो. असा धक्का एकदाच बसतो. त्या कथेकडं परत कुणी फिरकत नाही, मी स्वतःसुद्धा नाही.

महाभारतातलं भीष्मपर्व नीट वाचलं आणि ही खोड मोडली. टीव्हीवरच्या मालिकांमुळं आपल्या डोक्यात संजय म्हणजे महालात बसून धावतं समालोचन करणारा माणूस. मूळ ग्रंथात तो रणावरून धावत येतो आणि धृतराष्ट्राला पहिल्या दमातच सांगतो, "हतो भीष्मः शान्तनवो भरतानां पितामहः." १० दिवसांची लढाई अजून सांगायची आहे आणि भीष्म पडले हे सांगून मोकळा! (खरं तर भीष्म अजून जिवंत आहेत. शरशय्येवरून त्यांना पुढं शांतिपर्व आणि अनुशासनपर्वात बोलायचंय. पण दमून आलेला माणूस असंच सांगणार.) मग धृतराष्ट्र आक्रोश करतो, विचारतो, त्याच्या रथाजवळ कोण होतं, त्याला कुणी अडवलं नाही का? त्यानंतर युद्ध सुरू होतं. द्रोणांच्या वेळी तेच, कर्णाच्या वेळी तेच, शल्याच्या वेळीही तेच. 'पुढं काय' हा प्रश्नच व्यासांनी काढून टाकला. उरला 'कसं काय' आणि ऐकणारा म्हाताऱ्या बापाच्या जागी जाऊन बसला.

हे मी ऑफिसात चहाला बोललो तर मुधोळकडचे एक सहकारी हसले. "सर, आमच्या रन्नानं तेच केलंय," म्हणाले. रन्न म्हणजे १०व्या शतकातला कन्नड कवी, मूळचा मुधोळचा, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला. त्याचं 'गदायुद्ध' हे काव्य महाभारताच्या शेवटापाशी उभं राहतं आणि सगळी कथा मागं वळून बघतं. याला तो सिंहावलोकन म्हणतो. (आपण हा शब्द वार्षिक अहवालांत घालून मारून टाकला.) जुनं कन्नड मला कुठलं कळायला! त्यांनी अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत समजावलं. एकटा दुर्योधन प्रेतांमधून चाललाय. दुःशासनापाशी थांबतो. आईचं दूध आधी मी प्यालो, मग तू. मरणात मात्र तू क्रम मोडलास. पुढं अभिमन्यू, शत्रूचा पोर. त्यालाही हात जोडतो आणि तुझ्या पराक्रमाच्या एका अंशाएवढं तरी मरण मला येवो म्हणतो. चहा गार झाला होता.

दुर्योधन हरणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून तर रन्नाला त्याला सावकाश चालवता आलं. आपल्याकडं मात्र जो उठतो तो कर्णाचं स्वगत लिहितो. त्या बिचाऱ्याला आता जरा झोपू द्या. महाभारतातून पात्रं उचलण्यापेक्षा संजयाचं ते धावत येणं उचला, असं माझं म्हणणं.

नवी कथा सुरू केलीय. परवा रात्री आई तांदूळ निवडत होती, तिला पहिली ओळ वाचून दाखवली: "देवळामागची चिंच पाडली."

सूप तसंच हातात धरून म्हणाली, "कुणी रं?"