नॅटचा उल्लेख हवा होता

फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांच्यावरचा लेख आवडला. पण 'एकटा सहा जणांना भिडला' हे सांगण्याच्या भरात त्यांचं विमान एका ओळीत उरकलंय, ते खटकलं.

नॅट म्हणजे अगदी चिमुकलं विमान. दोन्ही पंखांची टोकं धरून जेमतेम २२ फूट. समोरच्या वैमानिकाला ते पटकन दिसायचंच नाही, आणि वळायचं तर भिंगरीसारखं. १९६५ च्या युद्धातच त्याला 'सेबर स्लेयर', म्हणजे पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांचा कर्दनकाळ, हे नाव पडलं होतं.

१४ डिसेंबर १९७१ ला मात्र सेखोंकडे उंची नव्हती, वेग नव्हता. श्रीनगरच्या धावपट्टीवर सेबर विमानांचे बॉम्ब पडत असतानाच त्यांनी उड्डाण केलं. पुढे गेलेले त्यांचे लीडर घुमन सेबरना शोधत राहिले, त्यांची गाठच पडली नाही. त्यामुळे झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर झालेली ती झुंज सेखोंना एकट्यालाच द्यावी लागली. काही मिनिटांचा खेळ, शेवटी सेखोंचं विमान पाडलं गेलं, पण सेबरना परत फिरावं लागलं.

सेखोंच्या गोळ्या दोन सेबरना लागल्या, असं त्यांच्या परमवीरचक्राचं आपलं मानपत्र म्हणतं. पाकिस्तानला ते मान्य नाही. लेखात हेही यायला हवं होतं, त्यानं त्यांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. उलट त्यांना पाडणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकानंच पुढे त्यांच्या झुंजीचं कौतुक केलं.

हवाई दलाला आजवर मिळालेलं परमवीरचक्र हे एवढंच. विमान दरीत कोसळलं. पुष्कळ शोधूनही त्यांचा देह सापडला नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं हो.